न घासलेल्या वस्तू : जुन्या शिकारी आणि गळाच्या साहित्याच्या बाजाराची प्रस्तावना

या क्षेत्रात यायला बंदूक चालवता यावी लागत नाही, गळ टाकता यावा लागत नाही, आणि सुरुवातीला खिसाही फार जड असावा लागत नाही. वस्तू उलटी करून तिचे पोट पाहायची सवय मात्र लावून घ्यावी लागते. जुनी लाकडी बदके, पितळी रिळे, बांबूच्या गळकाठ्या, काचेच्या डोळ्यांची कृत्रिम आमिषे, काडतुसांची खोकी, बदकांना साद घालायच्या शिट्ट्या, परवान्यांचे बिल्ले या साऱ्यांचा अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मोठा, जाणता बाजार आहे. त्यांचे स्वतंत्र लिलाव होतात, संग्राहकांच्या संघटना आहेत, संग्रहालये आहेत. मराठीत या विषयावर सलग लेखन माझ्या पाहण्यात नाही. आपली कितीतरी माणसे आज त्या देशांत राहतात, सुटीच्या दिवशी घरापुढे मांडलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीत डोकावतात आणि हातात आलेले लाकडी बदक शोभेची वस्तू समजून परत ठेवतात. ही प्रस्तावना आधी त्यांच्यासाठी आहे. इथल्या जुन्या घरातल्या माळ्यावर आजोबांची गळकाठी सापडलेल्यांसाठीही आहे.

या विषयाचे एक वैशिष्ट्य पहिल्यापासून लक्षात ठेवावे. या वस्तू घडवणारे बरेच लोक न्हावी होते, होडीवाले होते, मधमाश्या पाळणारे होते. त्यांनी रोजनिश्या लिहिल्या नाहीत, बहुतेकांनी हिशेबाच्या वह्याही ठेवल्या नाहीत. त्यांच्या कामाचा एकमेव दस्तऐवज म्हणजे ती वस्तू. तो वाचायला आधी शिकले ते प्राध्यापक नव्हेत, खरेदी-विक्री करणारे लोक. कोणती चोच कोणत्या गावची, कोणता रंग कोणाच्या हातचा, कोणती कडी कोणत्या काळातली, हे सगळे ज्ञान विकत घेणाऱ्यांनी एकमेकांच्या वस्तू शेजारी-शेजारी ठेवून उभे केले. म्हणून इथे नीट खरेदी करणे हाच अभ्यास आहे, आणि वस्तूशी छेडछाड करणे म्हणजे पुरावा पुसणे. पुढे जे काही सांगणार आहे ते या एका गोष्टीभोवती फिरते.

नेवाडा राज्यातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ साली उत्खनन करताना पाणगवताचे देठ वळून-बांधून केलेली बदके सापडली. काहींवर रंग होता, काहींवर खरी पिसे चढवलेली होती. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत, आणि ती कॅनव्हासबॅक जातीची बदके आहेत हे जाणकाराला आजही पाहताक्षणी कळते. पाण्यावर खोटे बदक सोडले की वरून जाणारा थवा विश्वासाने खाली उतरतो, ही त्या भूमीतल्या मूळ रहिवाशांची युक्ती. युरोपातून आलेल्यांनी तीच चालवली आणि गवताच्या जागी लाकूड आणले. अशा भुलवणीच्या पक्ष्याला सगळे डिकॉय म्हणतात, आपणही तेच म्हणू.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि बर्फ आले आणि या युक्तीचा धंदा झाला. चेसापीक उपसागराच्या वरच्या टोकाला, जिथे सस्क्वेहाना नदी येऊन मिळते, त्या उथळ पाण्यात कॅनव्हासबॅकचे थवेच्या थवे पाणवनस्पती खायला उतरत. शिकारी पाण्याच्या पातळीपर्यंत बुडवलेल्या पेटीत उताणा पडून राही आणि भोवती शेकडो डिकॉय तरंगत. पेटी योग्य खोलीला बुडून राहावी म्हणून तिच्या फळ्यांवर ओतीव लोखंडाची बदके ठेवत. नवखा माणूस बाजारात लोखंडी बदक पाहतो आणि हे पाण्यावर तरंगणार कसे, असा विचार करतो. ते तरंगायचे नव्हतेच, ते वजन होते. मारलेली बदके पिंपांत भरून बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कच्या खाणावळींत जात.

या धंद्याने जे केले त्याकडे डोळेझाक करून संग्रह करू नये. पॅसेंजर कबुतरांचे थवे एके काळी आभाळ झाकून टाकत. त्या जातीचा शेवटचा पक्षी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने रानपक्ष्यांची बाजारविक्री थांबली आणि किनाऱ्यावरच्या बहुतेक चिखलपक्ष्यांची शिकारही बंद होत गेली. १९३५ साली जिवंत बदके बांधून भुलवणे बंद झाले, बुडत्या पेटीवरही बंदी आली. पुढे प्लास्टिक आले. होडीघरांतून, पडव्यांतून लाकडी पक्ष्यांचे ढीग निरुपयोगी होऊन पडले, कित्येक चुलीत गेले. आज लिलावात चढणारा किनारपक्ष्याचा डिकॉय हा त्या कायद्यामुळे बेकार झालेला कामगार आहे. त्याची किंमत करताना त्याच्यामुळे मेलेल्या पक्ष्यांची आठवण असावी, असे मला मनापासून वाटते. ज्यांना ती आठवण नको असते त्यांचे संग्रह मला नेहमी पोकळ वाटत आले आहेत.

न्यूयॉर्कचा वास्तुविशारद जोएल बार्बर याने हे ढीग प्रथम वेगळ्या नजरेने पाहिले. १९२३ साली लाँग आयलंडवरच्या बेलपोर्ट गावी डिकॉयचे पहिले प्रदर्शन भरले, त्यात त्याचा पुढाकार होता. १९३४ साली त्याचे पुस्तक आले. त्याचा संग्रह आज व्हरमाँटच्या शेलबर्न संग्रहालयात आहे. १९६५ साली विल्यम मॅकी आणि अडेल अर्नेस्ट यांची दोन पुस्तके एकाच वर्षी निघाली आणि विषयाला वाचक मिळाला. मॅकीच्या मृत्यूनंतर त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला. त्यात १९७३ साली कर्ल्यू या चिखलपक्ष्याच्या एका डिकॉयला १०,५०० डॉलर आले तेव्हा लोक अवाक झाले. २००० साली मॅसॅच्युसेट्सच्या एल्मर क्रॉवेलने कोरलेल्या झोपलेल्या हंसाला ६,८४,५०० डॉलर मिळाले. २००७ साली त्याचाच एक हंस आणि मान मागे वळवून पिसे साफ करणारे एक तलवार बदक खासगी व्यवहारात प्रत्येकी ११ लाख ३० हजार डॉलरना गेले.

हे आकडे सांगायचे ते सांगितले, पण त्यांच्या नादी लागू नये. ते शिखराचे आकडे आहेत. पायथ्याला कारखान्यात बनलेली, भरपूर वापरलेली, प्रामाणिक बदके आजही शंभर-दोनशे डॉलरना मिळतात, आणि शिकायचे असते ते त्यांच्यावरच.

त्यांतले एक हातात घेऊ. डेट्रॉइटचा मेसन कारखाना १८९६ ते १९२४ या काळात चालला. त्याच्या मालाचे दर्जे होते. सर्वांत वरचा ‘प्रीमियर’ आतून पोकळ, दोन अर्ध्या भागांचा, काचेच्या डोळ्यांचा. खाली उतरत गेले की पोकळपणा जातो, मग काचेचा डोळा जाऊन खिळ्याचा डोळा येतो, शेवटी नुसता रंगवलेला. बदक हातात आले की आधी डोक्याकडे पाहण्याचा मोह होतो. तो आवरून ते उलटे करावे. तळाशी शिशाचे वजन आहे का, की ते काढल्याच्या खुणा आहेत? दोरी बांधायची कडी जुनी आहे का? लोखंड तापवून उमटवलेली मालकाची किंवा शिकारी क्लबची अक्षरे आहेत का? असतील तर त्या बदकाला पत्ता मिळाला. मग छाती पाहावी. मेसनच्या रंगाऱ्यांनी ओल्या रंगात कुंचला गोल फिरवून काढलेली वळणे छातीवर दिसतात. ती वळणे दिसत असतील, बोटाला जाणवत असतील, तर वरचा रंग मूळचा असण्याची शक्यता चांगली. मानेच्या सांध्यात भरलेली लांबी सुकून गळलेली असते. मेसनच्या बदकात हे इतके सर्रास आहे की त्यासाठी किंमत फारशी पाडत नाहीत. अंगावर छऱ्यांचे खळगे असतील तर तेही चालतात. पक्ष्यांवर झाडताना चुकून लागलेले ते छरे आहेत, बदक कामावर होते याची खूण.

पण रंग दुसरा असेल तर भाव कोसळतो. शिकारी माणूस दर काही वर्षांनी आपली बदके रंगवून घ्यायचा, त्याला ती कामाला हवी होती, त्यामुळे बहुतेक जुनी बदके दुसऱ्या-तिसऱ्या रंगातच सापडतात. त्यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती रंग जुना भासवून विकण्यात. अतिनील दिव्याखाली नवे रंग जुन्यांपेक्षा वेगळे चमकतात. क्ष-किरण चित्रात आतले खिळे दिसतात, नंतर बसवलेली चोच दिसते, लाकडात रुतून बसलेले छरे पांढऱ्या ठिपक्यांसारखे उठतात. मोठी लिलावघरे महत्त्वाच्या पक्ष्यांची अशी चित्रे काढून घेतात, आणि गंभीर खरेदीदाराने ती मागून घ्यायला संकोच करू नये.

इथे एक अवघड प्रकरणही सांगितले पाहिजे. मेरीलँडमधल्या क्रिसफील्ड गावचे लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे भाऊ व्यवसायाने न्हावी. स्टीव्ह मुख्यतः कोरायचा, लेम रंगवायचा. शिकारी जुनी बदके परत आणत आणि लेम ती पुन्हा रंगवून देई. मग अशा बदकावरचा दुसरा रंग मूळ म्हणायचा की नाही? लिलावाच्या सूचीत तो प्रामाणिकपणे ‘लेम वॉर्डने पुन्हा रंगवलेले’ म्हणून येतो, आणि त्याची किंमत मूळ रंगापेक्षा कमी, पण परक्या हाताच्या रंगापेक्षा खूप जास्त लागते. मला हा बाजाराचा न्याय योग्य वाटतो. कोणी, कधी आणि कशासाठी हात लावला हे माहीत असले की तो हातही इतिहासाचा भाग होतो.

गळाच्या साहित्यात हीच नजर कामाला येते, फक्त खुणा आणखी बारीक होतात. मिशिगनमधल्या डोवॅजिॲक गावचा जेम्स हेडन मधमाश्या पाळणारा होता, मधुपेटीच्या सुधारणेसाठी त्याचे नाव आधीच झालेले. तळ्याकाठी बसून लाकडाचा तुकडा तासत असताना त्याने तो पाण्यात टाकला आणि बास माशाने त्यावर झडप घातली, अशी आख्यायिका सांगतात. पुढे त्याने कोरलेले लाकडी बेडूक आज संग्राहकांच्या स्वप्नात येतात. हेडन कंपनीच्या आमिषाचा काळ ठरवायचा तर डोळे आणि गळ अडकवायची कडी पाहावी. आधी लाकडात बसवलेली धातूची वाटी, मग इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची पट्टी, मग दोन तुकड्यांची कडी, शेवटी पृष्ठभागावर स्क्रूने बसवलेली साधी पट्टी, असा तो क्रम आहे. खोकेही तितकेच बोलते. सुरुवातीची सरकत्या झाकणाची लाकडी पेटी, नंतर पुठ्ठ्याचे खोके, त्यावर खाली झेपावणारा मासा, पुढच्या काळात वर उसळणारा. रिकामे खोके आमिषापेक्षा महाग विकले गेलेले पाहून नव्या माणसाला धक्का बसतो. कारण सरळ आहे : आमिष जपून ठेवत, खोके फेकून देत.

धातूच्या आमिषांचा मान हॅस्केलच्या माशाला. ओहायोच्या रायली हॅस्केलने १८५९ साली पेटंट घेतले. त्याचा दहा इंची तांब्याचा मासा २००३ साली १,०१,२०० डॉलरना विकला गेला.

रिळांत इंग्लंडच्या हार्डी बंधूंचे नाव पहिले. त्यांचा कारखाना नॉर्थम्बरलँडमधल्या ॲल्निक गावी १८७२ साली सुरू झाला आणि १८९१ साली ‘परफेक्ट’ हे रीळ बाजारात आले. पितळेवर कारखान्यातच काळसर तपकिरी लेप दिलेला असे. मासा चमकेने बुजू नये म्हणून तो होता. आपल्या घरांत पितळ म्हटले की हात आपोआप चिंचेकडे जातो, दिवाळीच्या आधी सगळी भांडी लख्ख झाली पाहिजेत असे आपले संस्कार. तो हात इथे आवरायचा. लख्ख घासलेले परफेक्ट आपल्या निम्म्याहून जास्त पैशांना मुकलेले असू शकते, आणि गेलेला लेप कोणत्याही उपायाने परत येत नाही. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी, एवढेच.

काठ्यांची गोष्ट आपल्याकडून सुरू होते. बांबू चिरून त्याच्या त्रिकोणी पट्ट्या एकत्र चिकटवून केलेल्या पहिल्या काळातल्या अमेरिकन काठ्या ‘कलकत्ता बांबू’च्या होत्या. मेन राज्यातल्या बँगॉरच्या हायरम लिओनार्डचे नाव सहा पट्ट्यांच्या काठ्यांसाठी झाले. पुढे चीनमधल्या टोंकिन बांबूने कलकत्त्याची जागा घेतली. कलकत्ता बांबूवर जागोजागी भाजल्याचे डाग असतात, त्यावरून जुनी काठी ओळखायला मदत होते. १९५० साली अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि टोंकिनचा पुरवठाच तुटला, त्याच सुमारास काचतंतूच्या काठ्या आल्या. हस्तकारागिरांच्या बांबूकाठीचा काळ संपला तो असा.

सॅमन माशासाठी पिसे बांधून केलेल्या व्हिक्टोरियन आमिषात, म्हणजे ‘फ्लाय’मध्ये, तर सह्याद्रीच आहे. तिथल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या प्रत्येक पिसावर मेणासारखे चकचकीत पिवळसर-पांढरे थेंब असतात, दुसऱ्या कोणत्याही पक्ष्याला ते तसे नाहीत. इंग्रज कारागीर ते पीस फ्लायच्या बाजूला डोळ्यासारखे लावत. त्यापायी किती रानकोंबडे गेले असतील कोण जाणे. पिसांची ही हाव अजून पुरती गेलेली नाही. २००९ साली इंग्लंडमधल्या ट्रिंग इथल्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातून एका तरुण बासरीवादकाने २९९ पक्ष्यांची कातडी चोरली, ती फ्लाय बांधण्यासाठी. काही कातड्यांच्या पायांतल्या, गोळा करणाऱ्यांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या त्यात कायमच्या तुटल्या. चिठ्ठीशिवाय ती कातडी विज्ञानाच्या दृष्टीने जवळजवळ मुकी.

त्यामुळे कायद्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. राखी रानकोंबडा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात आहे, त्याची पिसे लावलेली जुनी फ्लाय परदेशातून मागवण्याआधी परवानगीची चौकशी करावी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वाघाचे कातडे, शिंगे, पेंढा भरलेली मुंडकी यांची खरेदी-विक्री करता येत नाही. प्राण्यांत पेंढा भरणाऱ्या म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कारखान्याची पाटी असली तरी नाही. वारशाने आलेल्या वस्तूलाही मालकीचा दाखला लागतो. बंदुकीला शस्त्र परवाना लागतो, केवळ जुनी किंवा गंजलेली आहे म्हणून ती आपोआप सुटत नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठवायची तर पुरावस्तूंचा कायदा आड येतो. अमेरिकेत खुद्द स्थलांतरित पक्ष्यांची पिसे आणि पेंढा भरलेले पक्षी विकण्यावर कडक बंधने आहेत. या मर्यादा जाच वाटत असतील तर लाकूड, धातू, बांबू आणि कागद यांत आयुष्यभर पुरेल एवढे काम आहे.

कागदाची बाजू थोडक्यात सांगतो, कारण कमी पैशांत सुरुवात करायला ती उत्तम आहे. १९३४ साली अमेरिकेत बदकांच्या शिकाऱ्यांना एक डॉलरचे तिकीट घेणे सक्तीचे झाले. पहिले चित्र व्यंगचित्रकार ‘डिंग’ डार्लिंगचे. त्या पैशांतून पाणथळ जागा राखल्या जातात, अजूनही. याखेरीज दारूगोळ्याच्या कंपन्यांची कॅलेंडरे आणि गळसाहित्याच्या किंमतसूची मिळतात. सूची तर विकत घ्याव्यातच, कारण कारखान्यात बनलेल्या वस्तूचे वय ठरवायला त्यांच्याइतका भरवशाचा साक्षीदार नाही.

विकणाऱ्याने पाळायची शिस्त सोपी आहे आणि फार थोडे ती पाळतात. वस्तू आहे तशी दाखवावी. तळाचा, सांध्यांचा, चिरांचा फोटो द्यावा. दुरुस्ती माहीत असेल तर आधी सांगावी. एका शिकाऱ्याची वीस बदके एकत्र मिळाली असतील तर ती फोडण्यापूर्वी सगळ्यांचा एकत्र फोटो आणि नोंद करावी, कारण एकदा विखुरली की तो संच पुन्हा जुळत नाही. लिलावघर हातोड्याच्या किमतीवर खरेदीदाराकडून वेगळे कमिशन घेते, विकणाऱ्याकडूनही घेते. दोन्ही आकडे आधी विचारून मगच बोलीची वरची हद्द ठरवावी. गुंतवणूक म्हणून येणाऱ्यांना मी थांबवेन. २००८ च्या मंदीनंतर मधल्या दर्जाच्या मालाचे भाव उतरले आणि बरेचसे तिथेच राहिले, लहानपणी ही आमिषे वापरलेली पिढीही आता सरत चालली आहे. शिकाऊ माणसासाठी मात्र हा काळ चांगला, कारण पूर्वी न परवडणारी वस्तू आज हातात घेऊन पाहता येते.

आपल्याकडे करण्यासारखे काम वेगळे आहे आणि ते कोणीतरी लवकर हाती घ्यावे अशी माझी इच्छा आहे. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची मुंबई शाखा १८९१ साली सुरू झाली, काळा घोड्याजवळची ती इमारत अजून उभी आहे. साहेबाला लागणारे सामान अशा दुकानांतून आले. त्यातले किती पुण्या-मुंबईच्या जुन्या घरांत राहिले याची नोंद झालेली नाही. हेन्री सलिव्हन थॉमसचे भारतातल्या गळाच्या मासेमारीवरचे पुस्तक १८७३ साली मंगळूरला निघाले, त्यात महसीर माशाला मानाची जागा आहे. तोच महसीर लोणावळ्याच्या वळवण केंद्रात गेली अनेक दशके वाढवून नद्यांत सोडला जातो. महसीरसाठी बनवलेली जुनी रिळे, चमच्याच्या आकाराची आमिषे, काठ्या इथे सापडल्या तर त्या इथल्या नद्यांच्या इतिहासाचा भाग आहेत.

आणि मग आपले स्वतःचे साहित्य. कोळ्यांची डोल, रापण, पाग ही जाळी, हाताने तासलेले जाळ्याचे लाकडी बोये, ओतून केलेली शिशाची वजने, पारध्यांचे फासे आणि वाघरी. यांना बाजार नाही, त्यामुळे भंगारात जाताना कोणी थांबवत नाही. प्लास्टिकच्या बोयाने लाकडी बोया जसा हुसकला तसे बाकीचेही जाईल. ज्याला या क्षेत्राची नजर आली आहे त्याने अशी वस्तू मिळाली की तिच्यासोबत एक कार्ड ठेवावे. त्यावर घडवणाऱ्याचे नाव, गाव, कोणत्या पाण्यात आणि कोणत्या माशासाठी वापरली, कोणाकडून आणि किती पैशांना घेतली, आणि मिळाल्यापासून तिला काय-काय केले, हे सगळे शाईने लिहावे.